टोकावर उभं राहण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे सर्व गुरुजन, आणि ज्यांच्या डब्यातलं मी दहा वर्षं हक्काने खाल्लं त्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजन समितीने मला विषय निवडायची पूर्ण मोकळीक दिली. अट एकच होती, कॉम्प्युटर नको. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला ही अट घातली की तिच्याकडे बोलायला फारसं उरत नाही. म्हणून मी आज पायांवर बोलणार आहे. बॅले नृत्यात मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात, ते तुम्ही सिनेमात किंवा टीव्हीवर पाहिलं असेल. त्या प्रकाराला पॉइंट म्हणतात, आणि त्यासाठी घालतात ते पॉइंट शूज. मी स्वतः नाचणारी नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आठवीच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्यात मला पुठ्ठ्याची होडी धरून मागे उभं केलं होतं, आणि ती जबाबदारी मी चोख पार पाडली होती.

आम्ही गेली चौदा वर्षं लंडनजवळ राहतो. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे आणि सहाव्या वर्षापासून बॅले शिकते. तिला क्लासला नेणं-आणणं आणि बाहेरच्या बाकावर बसणं हे माझं काम. इंजिनीअरला बाकावर बसवलं की तो समोरची गोष्ट चालते कशी, हे बघायला लागतो. माझंही तसंच झालं. तिथे जे समजलं ते मला आपल्या वयाच्या सगळ्यांना आणि विशेषतः आपल्या शिक्षकांना सांगावंसं वाटतं.

सुरुवात बुटापासून करू. पुष्कळांना वाटतं की त्या बुटाच्या टोकात लाकूड असतं. तसं काही नसतं. पारंपरिक पॉइंट शूचं टोक म्हणजे कापड आणि कागद यांचे थरावर थर, खळीसारख्या चिकट लुकणाने चिकटवून, हाताने आकार देऊन कडक केलेले. वरून सॅटिन. तळाला कातड्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा एक ताठ पट्टा. टोकाला जेमतेम दोन बोटं ठेवता येतील एवढी सपाट जागा, आणि तिच्यावर सगळं शरीर. घामाने आणि वापराने ती खळ मऊ पडते आणि बूट संपतो. मोठ्या बॅले कंपन्यांतल्या मुख्य नर्तकींचा एक जोड एखाद्या प्रयोगातच संपू शकतो. आता काही कंपन्या खळीऐवजी प्लॅस्टिकसारखे टिकाऊ पदार्थ वापरतात. पण बूट कसलाही असो, तो तुम्हाला वर उचलत नाही. तो फक्त टोकाला आधार देतो. उचलायचं काम पायाचं.

इतिहास हेच सांगतो. १८३२ साली पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले झाला. त्यात मारी तालिओनी या नर्तकीने वाऱ्यावर तरंगणाऱ्या परीची भूमिका केली आणि टोकावरच्या नाचाला खरी प्रतिष्ठा मिळाली. तिच्या आधीही काहीजणी टोकावर उभ्या राहिल्या होत्या, पण ती एक करामत वाटायची. तालिओनीने तिचं नृत्य केलं. आणि तिच्या पायात होतं काय? मऊ सॅटिनचा, चपलेसारखा बूट. टोकाला आणि कडांना रफूचे टाके घातलेले, बाकी आधार काही नाही. तिचे वडील फिलिप्पो हेच तिचे गुरू. व्हिएन्नामध्ये १८२२ साली रंगमंचावर उभं करण्याआधी सुमारे सहा महिने ते तिच्याकडून रोज सहा तास मेहनत करून घेत होते. एका पायावर एक मुद्रा धरायची आणि मनात शंभर आकडे मोजेपर्यंत सोडायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. कडक टोकाचे बूट त्यानंतर अनेक दशकांनी आले.

मग १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एकाच पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. आजही त्या भूमिकेत प्रेक्षक बोटांवर गिरक्या मोजतात. आता त्यातली गंमत बघा. प्रत्येक गिरकीत ती टाच खाली येते, गुडघा वाकतो आणि पाय पुन्हा टोकावर जातो. म्हणजे बत्तीस वेळा वर जाणं, आणि बत्तीस वेळा ताब्यात राहून खाली येणं. खाली येताना थोडा जरी तोल गेला, तरी पुढची गिरकी वाकडी सुरू होते.

वर जाणं डोळ्यांना दिसतं, टाळ्या त्यालाच मिळतात. ताकद मात्र खाली येताना कळते. हे मला माझ्या मुलीच्या नृत्यशिक्षिकेमुळे समजलं.

मुलगी साडेअकरा वर्षांची होती. वर्गातल्या दोन मैत्रिणींना पॉइंट शूज घ्यायला परवानगी मिळाली. हिला बाईंनी सांगितलं, “अजून नाही. सहा महिन्यांनी बघू.” गाडीत बसल्यावर ती रडली. घरी येईपर्यंत बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “आई, तू त्यांना मेल कर. मी त्या दोघींपेक्षा जास्त वर्षं शिकतेय.” आणि ते खरंच होतं. माझ्यासारख्या, मार्कांच्या यादीत वाढलेल्या आईच्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल, ते तुम्ही ओळखू शकाल.

मी मेल केला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना विचारलं की परवानगी कशावर ठरते. त्यांनी मुलीला पुन्हा आत बोलावलं आणि माझ्यासमोर तीन-चार गोष्टी करायला लावल्या.

पहिली, एका पायावर उभं राहून धड समोर झुकवायचं, दुसरा पाय मागे लांब, अगदी विमानासारखं. मग उभा असलेला गुडघा सावकाश पाच वेळा वाकवायचा. कंबर सपाट राहिली पाहिजे आणि गुडघा आत पडता कामा नये. पाचपैकी चार वेळा जमलं पाहिजे.

दुसरी, एका पायावर सलग सोळा उड्या. उडीत पाऊल ताणलेलं, उतरताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि आवाज न करता. सोळापैकी निदान आठ नीट झाल्या पाहिजेत. मित्रहो, ही आपली लंगडी आहे! मधल्या सुट्टीत आपण ही परीक्षा रोज देत होतो, अनवाणी, आणि पुढे कोणीतरी पळत असताना.

तिसरी, एका पायाच्या चवड्यावर वर जायचं आणि खाली यायचं, वीस-पंचवीस वेळा, शेवटची खेप पहिल्यासारखीच. बॅलेत या वर जाण्याला रेलेवे म्हणतात. रेल्वे नव्हे, रेलेवे.

मुलगी वर सुरेख जात होती. पण नवव्या-दहाव्या खेपेपासून टाच खाली धप्पकन पडायला लागली आणि घोटा करंगळीच्या बाजूला कलायला लागला. बाईंनी मला एवढंच सांगितलं की बारा वर्षं हा आकडा सगळे सांगतात, पण नुसत्या वयावर काही ठरत नाही. हाडं अजून वाढत असतात, त्यामुळे घाई नकोच. पण त्याशिवाय पोट आणि कंबरेचा ताबा, खुब्यापासून बोटांपर्यंतची सरळ रेषा, पावलाची ताकद, आणि आठवड्याला किती तास नियमित सराव आहे, हे सगळं मिळून ठरतं. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मुलीला त्या वय काहीही असलं तरी पॉइंट देत नाहीत.

मला एकदम आपली चौथी आठवली. चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत पेन. पेनासाठी आपण किती तळमळलो होतो! आणि आपल्या वर्गशिक्षिका बाई वहीत अक्षर बघून म्हणायच्या, “अजून थोडं वळण येऊ दे.” पेन हातात आल्यावर अक्षर सुधारत नाही. जे आहे ते फक्त पक्कं होतं आणि खोडता येत नाही. पॉइंट शूजचंही तसंच आहे.

मग ते सहा महिने सुरू झाले. व्यायाम इतके साधे होते की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मी घरी तिच्या शेजारी उभी राहून ते करत होते, म्हणून तपशिलात सांगते.

एक, जमिनीवर पाऊल ठेवून बोटं न वळवता, लांब ठेवूनच, तळव्याची कमान वर उचलायची. बोटं आवळली तर चुकलं, कारण बुटात बोटं वळली तर हाडांची रेषा मोडते आणि ताकद भलतीकडे जाते. यात काम करतात ते पावलातले छोटे स्नायू. बूट-चपलांच्या जगात ते बहुतेक झोपलेले असतात.

दोन, अंगठा खाली ठेवून बाकीची चार बोटं उचलायची, मग चार खाली आणि अंगठा वर. करून बघा. पहिल्या दिवशी मेंदू आणि पाय यांची ओळखच नाही असं वाटतं.

तीन, रबरी पट्टा चवड्याला अडकवून पाऊल ताणायचं. आधी घोटा, मग चवडा, शेवटी बोटं. आणि परत येताना दुप्पट सावकाश, पट्ट्याला ओढू द्यायचं नाही.

चार, दोन्ही घोट्यांच्या मध्ये एक लहान चेंडू धरून चवड्यांवर जायचं. दोन आकड्यांत वर, चार आकड्यांत खाली. चेंडू पडला तर घोटा बाहेर कलला असं समजायचं. हेच एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा थोडे वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि खालच्या स्नायूवर गुडघा वाकवल्यावर जास्त काम पडतं. दोन्ही पायांवर सहज जमलं की मगच एका पायावर.

पाच, एका पायावर उभं राहून दात घासायचे. ते जमलं की डोळे मिटून.

यातला चौथा व्यायाम सर्वात महत्त्वाचा, आणि त्याचं कारण घोट्याच्या रचनेत आहे. घोट्याचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो. म्हणजे जिथे आधाराची सर्वात जास्त गरज, तिथेच हाडांचा आधार कमी. तो भरून काढतात नडगीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे स्नायू आणि त्यांच्या कंडरा. पूर्ण टोकावर गेल्यावर मागची हाडं एकमेकांवर टेकून थोडी कुलूपबंद होतात. त्यामुळे सर्वात डळमळीत जागा म्हणजे मधली वाट, वर जाताना आणि विशेषतः खाली येताना. ती वाट ताकदीने आणि सावकाश उतरता आली, तर पाय मुरगळण्याची भीती खूपच कमी होते.

आना पावलोवाचं उदाहरण इथे आठवतं. तिची पावलं अतिशय कमानदार होती. दिसायला सुंदर, पण इतक्या लवचीक पावलाला टोकावर सांभाळणं कठीण, म्हणून ती आपले बूट स्वतः मजबूत करून घ्यायची. लवचीकपणा जास्त तितकी ताकदीची गरज जास्त. हीच पावलोवा १९२२ च्या सुमारास भारतात आली होती. पुढच्याच वर्षी तिने लंडनमध्ये तरुण उदय शंकर यांच्याबरोबर राधाकृष्णाचं नृत्य केलं. नंतर खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मादाम मेनका यांनाही तिने आपल्याच देशाच्या नृत्याकडे वळण्याचं प्रोत्साहन दिलं होतं.

आता स्थिरतेविषयी. इथे समितीची क्षमा मागून एका वाक्यापुरती माझ्या कामाची भाषा वापरते. स्थिर राहणं म्हणजे न हलणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टोकावर उभी असलेली नर्तकी सतत हलत असते. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि घोट्यातल्या नसा दर क्षणाला खबर देतात की आपण किंचित पुढे चाललोय, किंचित डावीकडे चाललोय, आणि स्नायू लगेच दुरुस्ती करतात. दुरुस्ती लवकर झाली तर ती इतकी लहान असते की कोणाला दिसत नाही. उशीर झाला तर हात हवेत फिरवावे लागतात. स्थिर माणूस तो, ज्याच्या दुरुस्त्या वेळेवर होतात. हे मला पायांच्या बाहेरही बऱ्याच ठिकाणी खरं वाटतं.

‘द स्लीपिंग ब्यूटी’ या १८९० च्या बॅलेत याची सर्वात प्रसिद्ध परीक्षा आहे. राजकन्या ऑरोरा एका पायाच्या टोकावर उभी असते, चार राजपुत्र एकामागून एक येऊन तिचा हात धरतात, आणि एकाचा हात सुटल्यावर दुसऱ्याचा मिळेपर्यंत ती एकटी तशीच उभी. प्रेक्षक श्वास रोखून धरतात. एखाद्या रात्री नर्तकी पुढचा हात न घेताच थांबते, तेव्हा थिएटरात टाळ्यांचा कडकडाट होतो.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी, कारण इथे पुष्कळ आईवडील आहेत, आणि मुलगी बॅले करो, भरतनाट्यम करो की जिम्नॅस्टिक, ती सगळीकडे लागू आहे. फोड येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. टाचेच्या वर मागच्या बाजूला, आतल्या घोट्यामागे, किंवा पावलाच्या मधल्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की दुखतं, आणि विश्रांतीनेही थांबत नाही, असं असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. आणि वाढत्या मुलीचं जेवण कमी करायचं नाही. सडपातळ दिसण्याच्या नादात खाणं तुटलं की पाळी अनियमित होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि मग कुठलाही व्यायाम उपयोगी पडत नाही. या कलेने मुलींकडून ही किंमत अनेक वर्षं घेतली आहे. आता चांगले शिक्षक त्यावर उघड बोलतात. आपणही घरात बोलावं.

माझ्या मुलीला सहा महिन्यांनी परवानगी मिळाली. दुकानात बूट बसवायला पाऊण तास लागला. बोटं लांब राहिली पाहिजेत, पण पाऊल आत घसरता कामा नये. तळ फार ताठ असेल तर शरीर मागे फेकलं जातं, फार मऊ असेल तर पुढे कोसळतं. आणि मग पहिले काही महिने ती टोकावर नाचली वगैरे काही नाही. तासाच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं, दोन्ही हातांनी दांडा धरून, दोन पायांवर वर आणि सावकाश खाली. ज्या दोघींना आधी बूट मिळाले होते त्याही शेजारी तेच करत होत्या. सहा महिन्यांचा फरक कुठे गेला ते कोणालाच आठवत नव्हतं.

आणि माझं म्हणाल, तर पहिल्या दिवशी एका पायावर सात वेळा टाच उचलून मी खुर्ची पकडली होती. आता अठरा होतात. पॉइंट शूज मी कधीच घालणार नाही. पण जिना उतरताना कठड्याला हात न लावणं, ओल्या फरशीवर पाय घसरला तर सावरता येणं, हे आपल्या वयापासून पुढे मिळवलेलंच ठेवावं लागतं. आपोआप राहत नाही. तोल वयाबरोबर कमी होत जातो, आणि सरावाने त्यातला बराचसा परत मिळतो.

गुरुजनहो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. मुलीच्या बाईंनी “अजून नाही” म्हटलं तेव्हा मला राग येणार, हे त्यांना माहीत होतं. फी भरणाऱ्या पालकांना नाही म्हणणं सोपं नसतं. हो म्हणायला एक क्षण लागतो. नाही म्हणायला त्या मुलाचे पाय, अक्षर, पाढे, काय असेल ते नीट निरखून बघावं लागतं, आणि मग सहा महिने पुन्हा पुन्हा बघत राहावं लागतं. तुम्ही आम्हाला चाळीस-पन्नासच्या वर्गात असं निरखून पाहिलंत. गणिताच्या बाईंनी सूत्र वापरण्याआधी ते सिद्ध करून घेतलं. पी.टी.च्या सरांनी मल्लखांबावर चढवण्याआधी उतरायला शिकवलं. त्या वेळी आम्ही मागे बसून कुरकुरलो. आज आमच्यातले बरेचजण कुठल्या ना कुठल्या टोकावर उभे आहेत, आणि पाय लटपटले तरी वेळेवर सावरता येतं. त्याबद्दल मनापासून आभार.

आता चहाची सुट्टी आहे. कप घ्यायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या खुर्चीची पाठ धरा. दोन आकड्यांत टाचा वर, चार आकड्यांत खाली, दहा वेळा. सर, आकडे तुम्ही मोजा. पूर्वीसारखे, मोठ्या आवाजात.